पाहुणा की प्रेक्षक?

जुन्या गोव्याहून फेरीबोट मांडवी ओलांडते आणि स्कूटरी दिवाडी बेटावर उतरतात. नागपूरच्या जरीपटक्यातून गेलेले आम्ही सहप्रवासी भातशेतांमधून पिएदादच्या टेकडीवरील चर्चकडे निघालो, तेव्हा वाटेवरच्या बंद घरांनी एक प्रश्न उभा केला. दुसऱ्याच्या गावाचे सौंदर्य लुटण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

ओसाड सज्जा छायाचित्रात मोहक दिसतो. पण त्यामागे पोटासाठी परदेशी गेलेली माणसे असू शकतात. याच बेटावरचे सप्तकोटेश्वराचे मंदिर सोळाव्या शतकात पोर्तुगीज सत्तेने पाडले. देव नदीपार नार्वे येथे गेला आणि १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी तेथील देवालयाचा जीर्णोद्धार केला. घर सुटण्याचे हे दुःख जरीपटक्यालाही ठाऊक आहे. १९४७ च्या फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांनी ही वस्ती उभी केली. त्यांच्या मागे राहिलेल्या घरांसमोर कुणी हौसेने छायाचित्रे काढली, तर त्यांना काय वाटेल?

स्कूटरच्या वेगाला दोष देण्यात अर्थ नाही. ती थांबवताही येते. थांबून विचारपूस करतो तो पाहुणा; नुसताच पाहून पुढे जातो तो प्रेक्षक. ज्याच्या अंगणाशी आपण थांबतो, त्याने आपल्याला बोलावलेले नसते. म्हणून त्याची परवानगी मागणे हा न्यायाचाच भाग आहे.