ओतकाम घरचंच हवं

पुण्यातल्या शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलच्या आवारात महाराजांचा अश्वारूढ पुतळा आहे. सासवण्याच्या नानासाहेब करमरकरांचं हे काम. अनावरण १९२८ चं. आठ टनांच्या घरातला हा ब्राँझचा पुतळा एकसंध ओतला गेला, तोही माझगाव डॉकमध्ये. अशा ओतकामात साचा भरेपर्यंत धातूचा रस थांबून चालत नाही. धार तुटली की अंगावर सांधा राहतो आणि महिन्यांची मेहनत फुकट जाते. देश पारतंत्र्यात असताना मुंबईत हे साधलं होतं.

त्यानंतर नव्वद वर्षांनी, २०१८ मध्ये केवडियाला सरदार पटेलांचा १८२ मीटर उंच पुतळा उभा राहिला. शिल्पकार आपल्या धुळे जिल्ह्यातल्या गोंदूरचे राम सुतार. पुतळ्यासाठी गावोगावच्या शेतकऱ्यांकडून जुनी लोखंडी अवजारंही मागून आणली होती. सरदारांच्या अंगावरचे ब्राँझचे पत्रे मात्र चीनमध्ये ओतले गेले. एवढ्या कामाची सोय देशात नाही, शिवाय एकूण खर्चात त्यांचा वाटा नऊ टक्क्यांहून कमी, असं तेव्हा सांगितलं गेलं. हिशेब बरोबर असेलही. पण त्या नऊ टक्क्यांतच तर सगळी कारागिरी होती! सोय नाही म्हणून काम बाहेर द्यायचं आणि काम नाही म्हणून सोय होत नाही, हे किती दिवस चालायचं? चीनच्या हेनान प्रांतात १२८ मीटरची बुद्धमूर्ती उभी आहे. असली कामं अंगावर घेतल्याशिवाय हात तयार होत नाहीत.

'इथेच बनवा' एवढ्यानं भागत नाही, हेही मालवणनं दाखवलं. राजकोट किल्ल्यावरचा महाराजांचा पुतळा इथलाच होता. डिसेंबर २०२३ मध्ये उभारला आणि ऑगस्ट २०२४ मध्ये कोसळला. त्या दिवशी मराठी माणसाच्या पोटात कालवलं. जाणते हात आणि पुरेसा वेळ यांना पर्याय नाही, आणि सरकारी कामांत वेळ ठरतो तो समारंभाच्या तारखेवरून.

दादरच्या इंदू मिलमधल्या बाबासाहेबांच्या ३५० फुटी पुतळ्याचं शिल्पही सुतारांचंच. यापुढे अशा प्रत्येक कामाच्या निविदेत ओतकाम देशातच करण्याची अट हवी, त्याला लागेल तेवढी मुदत हवी आणि भट्टीपाशी जे. जे.च्या विद्यार्थ्यांना पगारी उमेदवारी हवी. त्यासाठी खर्च वाढला तरी तो सरकारनं खुशाल करावा.