डुलकीची प्रतवारी

नुकत्याच उठलेल्या माणसांपुढे निद्रेचा विषय काढणे अप्रस्तुत खरे. परंतु वैशाखातल्या दुपारी पारनेरच्या पेठेत गल्ल्याशेजारीच कलंडलेला दुकानदार, लिंबाखाली मुंडासे उशाला घेऊन पाठ टेकणारा शेतकरी आणि कचेरीच्या बाकावर नावाचा पुकारा होईपर्यंत पेंगणारा अर्जदार पाहिला म्हणजे, मराठीने या अल्पनिद्रेची केवढी सूक्ष्म प्रतवारी लावली आहे, हे ध्यानात येते. बसल्या जागी येते ती पेंग. मान कलून दचकून वर येते ती डुलकी. भोजनोत्तर डाव्या कुशीवर रीतसर घेतली जाते ती वामकुक्षी. आणि नकळत लागतो तो डोळा, ज्याची जबाबदारी कोणावरच नसते! सुदूर फिनलंडात दिवसाच्या झोपेला ‘पॅइवॅउनेत’ व लहानशा डुलकीला ‘नोकोसेत’ म्हणतात. दोन्ही शब्द अनेकवचनी, आणि एका डुलकीने भागत नाही, हे आमच्या अर्जदारालाही ठाऊक आहे. याच पारनेरात १८८० साली जन्मलेले सेनापती बापट हाती झाडू घेऊन गावचे रस्ते झाडीत; त्यांच्या गावात वामकुक्षीची तरफदारी करणे म्हणजे धाडसच, तरी पहाटेपासून कांद्याच्या वाफ्यात राबलेल्या माणसाची अर्धी घटका मी बेलाशक मंजूर करीन.