दाब

अमेरिकेत आयोवा राज्यात, मक्याच्या मुलखात, एक म्हातारा राहत होता. शेती मुलाच्या हाती गेली, तशी गोठ्यामागची कोठी रिकामी झाली. त्या कोठीत म्हाताऱ्याने कपडे धुण्याची जुनी यंत्रं जमवली होती. खाली चार पायांवर टब, टबात उलटसुलट झटके देणारी घुसळणी आणि वर उसाच्या चरकासारखे दोन रबरी रूळ. धुतलेला कपडा रुळांत सरकवला की पाणी खाली टबात पडायचं आणि पिळलेला कपडा पलीकडे उतरायचा.

बहुतेक यंत्रं मेटॅगची होती. ही कंपनी मूळची आयोवातल्याच न्यूटन गावची. म्हाताऱ्याला तिची सगळी सालं पाठ होती. १८९३ मध्ये तिने मळणीयंत्राची जोडउपकरणं बनवायला घेतली, १९०७ मध्ये धुण्याचं पहिलं यंत्र काढलं आणि १९८३ मध्ये रुळांचं शेवटचं यंत्र बाहेर पडलं. कोणी बघायला आलं की म्हातारा हे सगळं सांगायचा. रुळांचे स्क्रू त्याने गच्च आवळून ठेवले होते. रूळ एकमेकांना चिकटून सरळ रेषेत बसले की यंत्र देखणं दिसतं, असं त्याचं मत होतं. टबात पाण्याचा थेंब पडू द्यायचा नाही, हा त्याचा नियम होता.

त्यातलं एक यंत्र त्याचं लाडकं होतं. चौकोनी ॲल्युमिनियमचा टब आणि खाली पेट्रोलवर चालणारं छोटं इंजिन. विसाव्या शतकाच्या तिशीच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या खेड्यांत दहा शेतघरांमागे जेमतेम एकात वीज होती. बाकीच्यांपैकी काही घरांतल्या बायका असं इंजिन पायाने किक मारून सुरू करायच्या आणि धुराची नळी दाराबाहेर सोडायच्या. म्हातारा हे यंत्र दर उन्हाळ्यात जत्रेत न्यायचा आणि किक मारून दाखवायचा. फटफट ऐकून पोरं गोळा व्हायची.

रस्त्यापलीकडे एक आमिश कुटुंब राहत होतं. त्या पंथात विजेची तार घरात घेत नाहीत. त्यामुळे त्या घरातली बाई अजूनही रुळांच्याच यंत्रावर कपडे धुवायची. यंत्र तिच्या सासूचं होतं. टबाला पोचे होते, झाकणाच्या मुठीला सुतळी गुंडाळलेली होती.

एका सोमवारी सकाळी ती कोठीच्या दारात आली. सोमवार हा धुण्याचा वार.

"आमच्या यंत्राचं गिअर तुटलंय," ती म्हणाली. "नवरा दुसरं शोधायला गेलाय. नऊ माणसांचं धुणं पडलंय. तुमचं इंजिनवालं यंत्र आजच्या दिवस द्याल का?"

म्हातारा गप्प राहिला. पण शेजारणीला नाही म्हणवेना. दोघांनी मिळून ते चाकांवरून तिच्या धुण्याच्या खोलीत नेलं.

इंजिन पहिल्या किकला सुरू झालं. म्हाताऱ्याची छाती फुगली. बाईने चुलीवरचं कढत पाणी टबात ओतलं, साबण टाकला, पांढरे कपडे सोडले. पांढऱ्यांमागून रंगीत आणि शेवटी पुरुषांच्या शेतातल्या विजारी, सगळं त्याच पाण्यात, हा तिचा नेहमीचा क्रम. पण थोड्याच वेळात जमिनीवर ओघळ आला. पाणी काढायची रबरी नळी वाळून तडकली होती. तिने काही न बोलता खाली बादली सरकवली.

मग पिळायची वेळ आली. तिने टॉवेल रुळांत घातला. टॉवेल धक्के खात पुढे गेला आणि पलीकडे आला तेव्हा त्याच्यावर ठरावीक अंतराने ओले पट्टे होते. तिने इंजिन बंद केलं आणि रुळांवरून बोट फिरवलं. जिथे रूळ एकमेकांवर दाबले गेले होते, तिथे रबर चपटं झालं होतं.

"दाब देऊनच ठेवता का हे?"

"नीटनेटकं दिसतं," म्हातारा म्हणाला.

"धुणं झालं की दाब सोडायचा असतो. नाहीतर गोल राहत नाहीत."

तिने रुळांवरच्या आडव्या दांडीवर तळहात मारला. खाडकन रूळ सुटे झाले. ती दांडी म्हाताऱ्याने कितीदा तरी चकचकीत केली होती. कपड्यामागून बोटं आत ओढली जात, क्वचित अख्खा हात जाई, म्हणून ती तिथे असते, हे तिने त्याला सांगितलं. बटणं घडीच्या आत वळवून कपडा कसा घालायचा, हेही दाखवलं.

उरलेलं धुणं दोघांनी हाताने पिळलं. दोन दिवसांनी तिचं गिअर मिळालं आणि ते पोचे पडलेलं यंत्र पुन्हा चालू झालं. म्हाताऱ्याचं यंत्र तिने पुसून परत पाठवलं. टबात सासूच्या वेळचे दोन जादा गोल रूळ ठेवलेले होते.

खरं तर म्हाताऱ्याने कष्ट कमी घेतले नव्हते, आणि त्याचं प्रेमही खोटं नव्हतं. पण जे इंजिन जत्रेत चालायचं, तेच एका किकला सुरू झालं. बाकीचं सारं त्याच्या डोळ्यांसमोर वाळत आणि चपटं होत गेलं, आणि त्याला कळलं नाही, कारण त्याचं लक्ष झळाळीवर होतं. कशाला दाब लागतो आणि तो कधी सोडावा लागतो, हे कामाला लावल्याशिवाय समजत नाही. वस्तू जपणारे हे सहज विसरतात. माणसांना जपणारेही विसरतात म्हणा.

म्हाताऱ्याने ते रूळ बसवले, नवी नळी घातली आणि सोमवारी आपल्या चादरी त्यात धुतल्या. मग बाकीची यंत्रंही पाळीपाळीने कामाला लागली. टबांवर साबणाचे डाग आले, एका पायाचा रंग उडाला.

पुढच्या उन्हाळ्यात एक संग्राहक लांबून आला. त्याने डाग बघून नाक मुरडलं आणि अजून हात न लागलेलं एक यंत्र पसंत केलं. पैसे मोजून घेताना म्हातारा म्हणाला, "रूळ सुटे ठेवा. आवळू नका."

"हो, हो," गिऱ्हाईक म्हणालं. यंत्र ट्रकवर चढलं. रस्त्यात खडखड नको म्हणून त्याने रुळांचा स्क्रू जाईल तितका पिळला आणि ट्रक चालू केला.