फोटोतली मागची रांग

परवा रावेतला एका वर्गमित्राकडे आम्ही सातजण जमलो. घर नवव्या मजल्यावर; खाली पवना, आणि शहराचे पाणी जिथून उचलतात तो बंधारा. आमच्या लहानपणी इथे ज्वारी डुलायची. 1997 साली गाव महापालिकेत गेले आणि शेते हळूहळू इमारतींखाली.

चहाबरोबर चौथीचा फोटो निघाला. प्रत्येकाने आधी आपलेच डोके शोधले! मग नेहमीची गोष्ट : मागच्या रांगेतल्या त्याने गुरुजींचे पेन चोरले आणि छड्या खाल्ल्या. सगळे हसलो. तोही हसला. मग चष्मा पुसत म्हणाला, "पण मी ते घेतले नव्हते रे."

आठवणी वाटल्या की गोड होतात, असे आपण म्हणतो. पण त्यांच्याबरोबर खोटेही वाटले जाते, आणि सहाजणांच्या तोंडी बसलेले खोटे कुणालाच खोटे वाटत नाही.

मला मात्र ठाऊक होते. पेन गुरुजींच्या कोटाच्या फाटक्या अस्तरात सापडले, तेव्हा मी तिथे होतो. "कुणाला बोलू नकोस," ते म्हणाले. त्यांचा मान राखायचा म्हणून मी गप्प राहिलो. पण ते गेल्यालाही तीस वर्षे झाली. एवढी वर्षे मी कोणाचा मान राखत होतो? बहुधा माझाच.

त्या संध्याकाळी सांगून टाकले. त्याने फोटो जवळ घेतला, गुरुजींकडे बराच वेळ पाहिले.

"त्यांच्यापाशी दुसरा कोट नव्हता रे," तो म्हणाला.