काचेपलीकडचे दैवत

देवाची मूर्ती किंवा देवाचे चित्र संग्रहालयात मांडले गेले म्हणजे त्यातील देवपण संपते काय, हा प्रश्न सातारा जिल्ह्यातील औंध येथे फार जवळून भेटतो. कारण यमाई देवीच्या मूळपीठाच्या डोंगरावरच श्रीभवानी चित्रसंग्रहालय आहे आणि तेथे येणारा कलाशिक्षणाचा विद्यार्थी एकाच चढणीवर आधी चित्रे पाहतो व मग देवीपुढे उभा राहतो. वर देवीपुढे त्याचे हात आपोआप जोडले जातात. खाली देवादिकांच्या चित्रांपुढे तेच हात क्षणभर अडखळतात. या अडखळण्यामागे एक जुना आणि गंभीर वाद आहे.

आगमग्रंथांच्या परंपरेत मूर्ती घडल्याने पूज्य होत नाही. मंत्रांनी तिच्या ठिकाणी देवतेला येण्याची विनंती करण्याचा जो विधी, म्हणजे प्राणप्रतिष्ठा, त्याने ती पूज्य होते. भाद्रपदात घरोघरी मातीच्या गणपतीचे आवाहन व पुढे विसर्जन करणाऱ्या मराठी मनाला देवाचे हे येणे-जाणे मुळीच परके नाही. यावर वेदविधींचा अर्थ लावणाऱ्या मीमांसकांचा आक्षेप मूलगामी होता: त्यांचे भाष्यकार शबरस्वामी यांच्या मते देवतेला शरीर नाही, ती नैवेद्य खात नाही, यज्ञात तिचे स्थान आहे ते मंत्रातील शब्दाच्या द्वारे. उलट ‘न्यायकुसुमांजली’त नैयायिक उदयनाचार्य असे मांडतात की प्रतिष्ठाविधीमुळे देवतेच्या ठिकाणी त्या मूर्तीविषयी ‘ही मी’ असा अभिमान, म्हणजे आपलेपणाची जाणीव, उत्पन्न होतो. आणि ज्यांना हे मान्य नाही त्यांच्यासाठीही, ही मूर्ती प्रतिष्ठित आहे ही खरी ओळख पूज्यतेला पुरते. हा दुसरा पर्याय अधिक विचार करण्याजोगा आहे, कारण त्यात पूज्यतेचा काही भार पाहणाऱ्याच्या ओळखीवर येऊन पडतो.

परंतु व्यवहारात ही ओळख विधीचीही वाट पाहत नाही. राजा रविवर्म्याने 1894 मध्ये मुंबईत छापखाना काढला आणि तेथून निघालेली लक्ष्मी-सरस्वतीची रंगीत चित्रे असंख्य घरांच्या देवघरांत गेली. त्यांची प्राणप्रतिष्ठा बहुधा कोणी केली नाही. तरीही चौकटीच्या काचेवर रोज कुंकवाचे बोट टेकत राहिले, उदबत्तीच्या धुराने काच पिवळी पडत गेली, कडेला हळदीचा थर साचला. त्याच चित्रकाराची स्वहस्ते रंगवलेली तैलचित्रे औंधच्या संग्रहालयाच्या भिंतीवर आहेत आणि त्यांच्यापुढे फूल वाहिले जात नाही. देवघरात काचेवरच पूजा होते, तर संग्रहालयात काच असते ती हात दूर ठेवण्यासाठी. तेव्हा फरक हाताच्या कामाचा आहे. दैवताला रोज उठवावे लागते, न्हाऊ घालावे लागते, जेवू घालावे लागते, निजवावे लागते. जो हे बंधन पत्करतो त्याच्यासाठी देव तेथे असतो. संग्रहालयही धूळ, ओल आणि कसर यांपासून वस्तूंना निष्ठेने जपते, पण जतन दगडाची काळजी घेते आणि पूजा देवाची.

पण म्हणून संग्रहालयातील पाहणे खालच्या प्रतीचे ठरत नाही. औंध संस्थानाचे अधिपती भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी यांनी 1938 मध्ये हे संग्रहालय उभारले. ते स्वतः चित्रकार होते, त्यांनी रामायण चित्रांतून मांडले आणि भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीसाठी, ती सचित्र व्हावी म्हणून, 1918 मध्ये एक लाख रुपयांचे साहाय्य देऊ केले. त्याच साली औंधला आलेले श्रीपाद दामोदर सातवळेकर तर आधी चित्रकार आणि मग वेदांचे भाष्यकार. अशा माणसांच्या गावात रेषा आणि मंत्र यांच्यात भिंत घालणे उचित होणार नाही. काव्यशास्त्रात भट्टनायकाने साधारणीकरण सांगितले, म्हणजे कलाकृतीतील भाव ‘माझा’ किंवा ‘त्याचा’ न राहता सर्वांचा होणे; संग्रहालयात देवाकडे काही मागायचे नसल्यामुळे ही अवस्था तेथे सुलभ होते. नवस बोलायला आलेल्या माणसाला देवाचा चेहरा निवांतपणे पाहण्याची सवड क्वचितच असते.

याच संग्रहात हेन्री मूर या ब्रिटिश शिल्पकाराचे माता आणि बालक यांचे शिल्प आहे. त्यातल्या मातेची ओटी भरली जात नाही, तिच्यापुढे नारळ फुटत नाही. वरची माता यमाई मात्र, लोककथेप्रमाणे, ‘ये माई’ या हाकेवरून नाव मिळालेली, आणि साडीचोळी व दागिने यांनी इतकी झाकलेली की मूर्तिकाराचा हात कोठे फिरला ते दिसतच नाही. देवळात देवी दिसते, शिल्प दिसत नाही. संग्रहालयात शिल्प दिसते. खाली तासभर दगडाचे वळण न्याहाळून वर गेलेला विद्यार्थी हात जोडतो, आणि जोडलेल्या हातांनीच साडीच्या चुण्यांखालची मूळ घडण शोधू लागतो.