शेजाऱ्याचा अखत्यार

मरणासन्न रुग्णांच्या आश्रमात जाऊन आपला वाढदिवस साजरा करण्याची, म्हणजे केक कापून, फळे वाटून आणि ज्याला मान उचलण्याचेही त्राण उरलेले नाही अशा मनुष्याच्या उशाशी उभे राहून छायाचित्र काढून घेण्याची जी रीत अलीकडे सुशिक्षित मंडळींत रूढ झाली आहे, तिला स्वयंसेवा म्हणण्यात येते. हा समारंभ दात्याच्या समाधानाचा. रुग्ण त्यात केवळ नेपथ्यापुरता. आक्षेप शिष्टाचाराचा नाही. स्वयंसेवकाने मनात कणव आणून अधूनमधून डोकावून जावे, बाकीचे डॉक्टर पाहतील, ही जी समजूत त्यामागे आहे, ती अशा आश्रमांच्या इतिहासाने केव्हाच मोडीत काढली आहे.

१८४२ साली लियाँ येथे झान गार्निए या विधवेने इतर विधवांना मरणासन्नांच्या शुश्रूषेसाठी एकत्र केले, तेथपासून १९५२ च्या कालीघाटातील निर्मल हृदय या आश्रमापर्यंतचा प्रवास वाचकांना ठाऊक आहे, आणि त्यात धर्मप्रेरित करुणा प्रधान होती याविषयी वाद नाही. सिसिली साँडर्स यांनी १९६७ साली लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हा आश्रम उघडला तेव्हा त्या करुणेला शास्त्राची जोड मिळाली. मात्र वेदना उसळण्याची वाट न पाहता मॉर्फिन ठरल्या वेळी द्यावे, हा धडा त्यांनी डॉक्टर होण्यापूर्वी, सेंट ल्यूक्समध्ये स्वयंसेविका असताना घेतला होता, हे सहसा कोणी सांगत नाही. आपल्याकडे वांद्र्याचा शांती आवेदना आश्रम १९८६ चा.

खरे स्थित्यंतर घडले ते केरळात, आणि तेच सर्वांनी चुकीचे वाचले. १९९३ साली कालिकतच्या वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. राजगोपाल, डॉ. सुरेश कुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेदनाशमनाचे काम सुरू केले. पुढे शतकाच्या अखेरीस मलप्पुरम जिल्ह्यात ते गावोगावच्या लोकांनी उचलले. यावर भाष्य करणाऱ्यांपैकी काहींनी त्याचे श्रेय मल्याळी साक्षरतेला दिले, आणि काहींनी, विशेषतः ज्यांना सरकारी खर्चात काटकसर सुचवावयाची असते त्यांनी, बिनपगारी मनुष्यबळाची नामी तजवीज म्हणून त्याची वाखाणणी केली. वस्तुतः तेथे मनुष्यबळ वाढले एवढेच नव्हे, तर अखत्यार हस्तांतरित झाला. गावकऱ्यांनी संस्था स्थापली, दुकानांतल्या दानपेट्यांतून निधी जमवला, परिचारिका व डॉक्टर नेमले, आणि कोणत्या घरी जावयाचे हे आपण ठरवले.

या हस्तांतराचा परिणाम रुग्ण या शब्दाच्या व्याप्तीवरच झाला. डॉक्टरांच्या दप्तरी मुख्यतः कर्करोग होता. पण नारळाच्या झाडावरून पडून कमरेखाली लुळा झालेला तरुण वर्षानुवर्षे खाटेवर पडून असता त्याच्या दारावरून पुढे जाऊन पलीकडच्या कर्करोग्याचीच विचारपूस करणे शेजाऱ्याला शक्य नव्हते, आणि म्हणून जी सीमारेषा वैद्यकाला स्वाभाविक वाटत होती ती गावाने, कोणताही सिद्धान्त न मांडता, पुसून टाकली. दर दोन तासांनी कूस बदलली नाही तर पाठीला जखमा होतात हे सुनेला शिकवणे, गोळ्या उरल्या किती याची खातरजमा करणे, मॉर्फिनने पोट बसते म्हणून रेचक दिले की नाही ते पाहणे, आणि तितक्याच सहजपणे घरात तांदूळ आहे काय, पोराची शाळा सुटली तर नाही ना, हेही विचारणे, यांतले काम कोणते आणि अवांतर कोणते असा भेद तेथे राहिला नाही. शेजार म्हणजे काही स्वर्ग नव्हे. नसत्या चौकशांच्या धास्तीने आजार लपवणारी घरे केरळातही असणारच. परंतु पाहुण्याला टाळता येते. रोज समोर दिसणाऱ्याला जाब द्यावा लागतो, आणि त्यालाही तो आपल्याला द्यावा लागतो.

२००८ साली केरळ सरकारने या सेवेचे धोरण जाहीर करून ती पंचायतींच्या यंत्रणेत आणली. सरकारी पैसा व औषधे यांवाचून हे काम सर्वत्र पोहोचणार नाही, हे खरे. पण ज्याने डॉक्टर नेमला त्याच्याच हाती तक्ते भरण्याची कामगिरी सोपवली, तर मिळालेला अखत्यार निमूटपणे सरकारजमा होईल. महाराष्ट्रात तर तो अद्याप कोणी मागितलेलाही नाही. परळच्या टाटा रुग्णालयातून आता उपचार नाही म्हणून सोलापूर-नांदेडकडे परत निघालेल्या कुटुंबाच्या पिशवीत गोळ्या आणि कागद असतात. रात्री दोन वाजता कळ आली तर गावात कोणाला उठवावयाचे, त्याचे नाव त्या कागदांवर नसते.