दत्तप्रभूंच्या पायाशी चार श्वान, आपल्या गोठ्यापुढे एक

अवधूतचिंतन श्रीगुरुदेव दत्त!

भक्तहो, मार्गशीर्ष पौर्णिमा आली की आपण देवघरातली तसबीर खाली उतरवतो, काच पुसतो, नवा हार घालतो. तीन शिरं, सहा हात, माळ, कमंडलू, डमरू, त्रिशूळ, शंख, चक्र हे सगळं तोंडपाठ असतं. मागे उभी गाय आणि पायाशी चार कुत्री. त्यांचा अर्थही विचारला तर माजघरातून आजीबाई सांगतील, गाय म्हणजे पृथ्वी, धर्म, कामधेनू आणि चार श्वान म्हणजे चार वेद. खरंच आहे ते. परंपरेनं दिलेला अर्थ आहे. पण अर्थ कळला म्हणजे चित्र बघून झालं असं आपण समजतो, तिथंच गडबड होते. एकदा अर्थ बाजूला ठेवून नुसतं चित्र बघा. गाय मागे आहे, निवांत उभी आहे. कुत्री पुढे आहेत. म्हणजे जे जपायचं ते मागे आणि जे जपणारे ते पुढे. कोणत्याही धनगराला हे चित्र दाखवा, तो म्हणेल, महाराज, हा तर आमचाच वाडा!

आता वेदांना कुत्र्याचंच रूप का दिलं? हत्तीचं देता आलं असतं, सिंहाचं देता आलं असतं. मला वाटतं ते सांगतो. हा माझा तर्क आहे, शास्त्रार्थ म्हणून घेऊ नका. वेदाला आपण श्रुती म्हणतो. श्रुती म्हणजे ऐकलेलं. आणि ऐकण्यात कुत्र्याचा हात कोण धरणार? आपण गाढ झोपेत असतो, गोठ्यामागे उसाचं पान वाजतं, आणि त्याचे कान उभे राहतात. ऐकायचं, ओळखायचं आणि मालकाला जागं करायचं. वेदानं तरी दुसरं काय केलं?

वेदाचाच विषय निघाला तर ऋग्वेदाच्या १०व्या मंडलातलं १०८वं सूक्त सांगायला हवं. त्यात एक कुत्रीच दूत होऊन गेली आहे. तिचं नाव सरमा. पणींनी गाई चोरून डोंगराच्या पोटात कोंडल्या होत्या. इंद्रानं सरमेला धाडलं. रसा नावाची नदी ओलांडून ती पोचली. पणी आधी दमदाटी करतात, मग गोड बोलतात. आमची बहीण हो, इथेच राहा, तुला गाईंचा वाटा देऊ, असं आमिष दाखवतात. ती बधत नाही. म्हणजे गाय आणि कुत्रा यांचं नातं काल-परवाचं नाही, आपल्या सर्वांत जुन्या ग्रंथात ते आहे.

पण त्याच सरमेची पुढची कथा बृहद्देवतेत वेगळी येते. तिथे ती पणींचं दूध पिते आणि परत येऊन इंद्राला म्हणते, गाई काही दिसल्या नाहीत. इंद्र रागावून लाथ मारतो, तेव्हा ते दूध ओकून पडतं. कीर्तनात ही कथा बहुधा सांगत नाहीत. मला मात्र ती फार मोलाची वाटते. कारण ती आपल्याला एक अवघड प्रश्न विचारते. राखणदार दुसऱ्याच्या दुधाला लागला, तर त्याला घरी काय मिळत होतं? आपल्याकडे कुत्र्याला काय घालतात, तर उरलेली शिळी भाकरी, तीही आठवण झाली तर. मग तो उकिरड्यावर जातो, शेजारच्या वस्तीवर जातो, मेलेलं कोकरू ओढतो. आणि आपण म्हणतो, कुत्रं बेइमान निघालं.

आज हे बोलायला कारण आहे. दत्तजयंतीच्या सुमारास ऊसतोड भर रंगात असते. जुन्नर, आंबेगाव, शिरूर, तिकडे अकोले, संगमनेर, निफाड या पट्ट्यातल्या मंडळींना सांगायला नको. फड मोकळा झाला की त्यात राहिलेला बिबट्या बाहेर पडतो, कधी सरीत बछडी सापडतात. वस्ती रानात, गोठा वस्तीला लागून. मग माणूस काय करतो? एक कुत्रं आणतो आणि गोठ्याच्या तोंडाशी साखळीनं बांधतो. दिवसा बांधलेलं, रात्रीही बांधलेलं. मनात हिशोब असा की, बिबट्या आला तर कुत्र्यावर जाईल, कालवड वाचेल.

भक्तहो, ही राखण नव्हे. हे आमिष झालं. अकोले तालुक्यात अभ्यासकांनी बिबट्यांची विष्ठा तपासली, तेव्हा त्यांच्या खाण्यात सर्वांत मोठा वाटा पाळीव कुत्र्यांचा निघाला. म्हणजे आपण ज्याला पहारेकरी म्हणून बांधतो, तेच त्याचं आवडतं खाद्य. कुत्र्याच्या वासानं बिबट्या वस्तीला येतो आणि कुत्रं संपलं की पुढच्या रात्री वासराकडे बघतो. साखळीतल्या जिवाला ना पळता येतं, ना मागे हटता येतं, ना लढता येतं. मी आजवर दत्तप्रभूंच्या शेकड्यांनी तसबिरी पाहिल्या, एकाही श्वानाच्या गळ्यात साखळी पाहिली नाही.

गेल्या वर्षी प्रवचन संपल्यावर एका माउलीनं विचारलं, "गुरुजी, आमच्या ह्यांना जरा सांगा ना. कुत्रं मोकळं सोडलं तर लोकांच्या अंगावर जातं म्हणतात, बांधलं तर बिबट्या नेतो. करायचं काय?" बाजूला तिचे यजमान उभे होते, सत्तरीचे. म्हणाले, "बाई, देवाचं ऐकायला आलो, कुत्र्याचं काय काढतेस?" मी त्यांना म्हटलं, "आबा, देवाच्या पायाशी कोण बसलंय ते बघा आधी."

त्या माउलीला जे सांगितलं तेच इथे सांगतो. राखण कशी करायची हे धनगराकडून शिकावं. फलटण, बारामती, पुरंदरकडचे धनगर पावसाळा सरला की मेंढरं घेऊन कोकणात उतरतात आणि पावसाआधी घाट चढून परत येतात. वाटेत लांडगा असतो, तरस असतो, बिबट्या असतो. त्यांचं कुत्रं मेंढरं हाकत नाही, ते काम माणसाचं. कुत्रं कळपात राहतं, कळपाबरोबर चालतं आणि रात्री मेंढरांच्या कडेला पडून राहतं. ते एकटं नसतं, दोन-तीन असतात. आणि मुख्य म्हणजे ते लहानपणापासून त्या मेंढरांत वाढलेलं असतं.

पिल्लू साधारण दोन महिन्यांचं झालं की ते करडं-कोकरांत ठेवावं. जन्मानंतरच्या पहिल्या तीन-चार महिन्यांत ज्याच्या अंगाची ऊब मिळेल, ते त्याचं कुटुंब होतं. माणसांनी त्याला घरात नेऊन फार लाडावलं, तर ते माणसांमागे फिरेल, गोठा सोडेल. पुढे सहा महिने ते दीड वर्ष हा काळ कसोटीचा. अंगानं मोठं, अकलेनं पोर! खेळता खेळता कोकराचा कान ओढेल, पाठीमागे धावेल. तिथे काठी उगारायची नाही. अडवायचं, थोडा वेळ वेगळं करायचं, पुन्हा सोडायचं. दीड-दोन वर्षांनी ते पोक्त होतं. हिमाचलातले गद्दी असोत की तुर्कस्तानात कांगल जातीचं कुत्रं पाळणारे मेंढपाळ, सगळ्यांची रीत हीच. आणखी एक गोष्ट दोन्हीकडे सारखी: कुत्र्याच्या गळ्यात बाहेर टोकं असलेला लोखंडी पट्टा. रानातला शत्रू नरडं धरतो म्हणून. ज्यानं आपली राखण करायची त्याच्या नरड्याची राखण आधी मालकानं केली, हे त्या पट्ट्यात आलं.

शहरातून मोठ्या किमतीचं रॉटवायलर आणून फाटकाला बांधण्याची हौस अलीकडे वाढली आहे. ते पाहुण्याला भिववील, पण गाईशी त्याचं काही नातं नसतं. आपल्या मातीतलं, धनगराच्या वाड्यावरचं पिल्लू बरं.

आणि कितीही चांगलं कुत्रं असलं तरी त्यानं गोठ्याच्या दाराची जागा घेऊ नये. रात्री जनावर बंद गोठ्यात, भोवती जाळी, वरूनही जाळी, एक दिवा. कुत्रं त्या आवारात मोकळं, मागे सरायला आडोसा असलेलं. दिवसा वाटसरू आणि शाळेची पोरं जातात, तेव्हा ते आवारातच राहील अशी सोय. त्याचं काम भुंकणं, बाकीचं आपण करायचं. उगाच छातीवर घाव घेऊन मरणं हे त्याचं काम नाही.

महाभारताच्या आदिपर्वातली गोष्ट आठवा. कुरुक्षेत्रावर जनमेजयाचं सत्र चाललं होतं. सरमेचं पोर तिथे आलं, राजाच्या भावांनी त्याला बडवलं. ते रडत आईकडे गेलं. आई काय म्हणाली? तूच काही खोडी काढली असशील. पोर म्हणालं, मी हविर्द्रव्याकडे पाहिलंसुद्धा नाही, चाटलंही नाही. मग सरमा यज्ञमंडपात गेली आणि तिनं विचारलं, याचा अपराध काय? कुणी उत्तर दिलं नाही. तेव्हा तिनं शाप दिला की ध्यानीमनी नसताना तुमच्यावर भय येईल. एवढा मोठा राजा, पण त्या शापानं घाबरला आणि पुरोहित शोधत फिरला. ग्रंथाच्या सुरुवातीला ही कथा आणि शेवटाजवळ, १७व्या पर्वात, कुत्र्यासाठी स्वर्गाचा रथ नाकारणारा युधिष्ठिर. दुसरी सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून पहिली सांगितली.

जुनी मंडळी विचारतात, मग सोवळ्याचं काय? अहो, देवघरात आणायला कोण सांगतंय? त्याची जागा अंगण आणि गोठा. पण वैश्वदेवात बलिहरण होतं तेव्हा कावळ्याबरोबर कुत्र्याचाही घास काढायला सांगितलाय ना? गीतेच्या ५व्या अध्यायात भगवंतांनी समदृष्टी सांगताना विद्वान ब्राह्मण, गाय, हत्ती यांच्याच ओळीत कुत्रा बसवलाय. सोवळं हे हात धुण्यासाठी आहे, पाण्याचं भांडं न भरण्यासाठी नाही. गंमत अशी की अवधूतांनी भागवतात २४ गुरू केले, त्यांत पृथ्वी आहे, कबूतर आहे, अजगर, मधमाशी, कोळी आहे, पण कुत्रा नाही. त्याच्याकडून शिकायला लांब जावं लागत नाही, तो पायाशीच बसलेला.

आता एक कठीण बोलतो, कारण सणाच्या अंकात कोणी बोलत नाही. पिल्लू तीन महिन्यांचं झालं की पिसाळण्याविरुद्धची लस, मग पुन्हा मात्रा, आणि पुढे दरवर्षी. पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा. जंताचं औषध नियमित. मेलेल्या मेंढीची कच्ची आतडी-काळीज कुत्र्याला टाकू नका. त्यातून एका जातीचा फीतकृमी कुत्र्याच्या पोटात जातो, त्याची अंडी माणसाच्या पोटात, आणि यकृतात गाठी होतात. आणि देव न करो, पण कुत्रं चावलंच, आपलं असो की परकं, तर मिरची-चुना लावत बसायचं नाही, मांत्रिकाकडे जायचं नाही. वाहत्या पाण्याखाली साबणानं १५ मिनिटं जखम धुवायची आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. डॉक्टर सांगतील तेवढी सगळी इंजेक्शनं पुरी करायची. जखम खोल असेल तर सीरमही विचारायचं. हा रोग एकदा अंगात दिसू लागला की त्यातून माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. आपली वाडीची, गाणगापूरची श्रद्धा खरी आहे. अंगारा जरूर लावा, पण आधी साबण आणि इंजेक्शन.

म्हाताऱ्या कुत्र्याचं मात्र त्या माउलीनं विचारलं नाही, ते त्या आबांनीच नंतर विचारलं, जरा बाजूला घेऊन. "गुरुजी, आमचं पहिलं कुत्रं आता भुंकत नाही, दिसतही नाही त्याला. पोरगा म्हणतो, बाजाराच्या गावाला सोडून येऊ. नवं आणू." मी विचारलं, किती वर्षं होतं? म्हणाले, अकरा. आणि गाय व्यायची थांबली तेव्हा काय केलंत? म्हणाले, ठेवली की, दावणीलाच गेली ती.

मग ते काही बोलले नाहीत. प्रसादाच्या पंगतीत मी पाहिलं, पानातली पुरणपोळी अर्धी मोडून त्यांनी उपरण्याच्या टोकाला बांधली होती. गोड घालू नका आबा, भाकरी-दूध घाला, एवढंच मी म्हटलं.

अवधूतचिंतन श्रीगुरुदेव दत्त!